कचरा सोडून सगळं शाबूत

फार फार वर्षांपूर्वी, मी तिसरीत पहिल्यांदा नापास झालो त्याच्याही आधी, डोंगराखालच्या एका गावात टोपल्या विणणारा एक माणूस राहत होता. बायको गेली आणि त्याचे हात थांबले. दिवसभर गोधडीत पडून राहायचा. खरकटी भांडी, बांबूच्या काड्या, अर्धवट टोपल्या, सगळ्यांचा ढीग खिडकीपर्यंत चढला. आत ऊन येईना, याच्या पोटात अन्न जाईना. (हसू नका. तुमच्या खाटेखाली काय आहे, मला ठाऊक आहे.)

लोक उपदेश करून दमले. तो कूस बदलायचा.

एके दिवशी शेजारची म्हातारी दारात येऊन कुजबुजली, "अरे, तुझ्या घरात रोज चोर शिरतोय."

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय, मावशी?"

"तेच तर! त्यालाही सापडत नाही, म्हणून रोज येतो. काय काय गेलंय ते बघ तरी."

त्याला ढिगात काही कळेना. संशय मात्र कुरतडू लागला. मग त्याने तवा चुलीपाशी ठेवला, कोयती खुंटीला टांगली. एकेक वस्तू जागेवर गेली.

"आता पावलं उमटायला हवीत," म्हातारी म्हणाली. "जमिनीवर राख भुरभुरव. पण आधी झाड, मेल्या! या कचऱ्यात हत्ती चालला तरी कळायचं नाही."

तो रोज झाडू लागला, रोज राख पसरू लागला. पाळत ठेवायची म्हणून खिडकी मोकळी केली, तर ऊन थेट चुलीपर्यंत आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डोळे बारीक करून हटकायचा, "कुठे निघालास?"

"हजामतीला. तूही चल, अस्वल दिसतोयस!"

न्हावी, गवळी, अगदी मांजरसुद्धा त्याला चोर वाटायचं. पण हटकता हटकता गप्पा व्हायच्या. नुसतं बसवेना, म्हणून हात काड्यांकडे वळले. एक टोपली झाली. दुसरीला बांबू पुरेना. एका सकाळी तो राख पसरून बांबू तोडायला गेला आणि दुपार टळल्यावर परतला.

राखेत पावलं! वाकडी, शेजारी काठीचे ठिपके.

त्याने तवा पाहिला, कोयती पाहिली, टोपल्या पाहिल्या. सगळं जागेवर. पावलांमागे जात तो म्हातारीच्या अंगणात पोचला.

"मावशी! चोर तूच?"

"मीच. काय नेलं, सांग बघू?"

"काहीच नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा मला पाठ आहे आता."

म्हातारीने काठीने दोरीकडे दाखवलं. तिथे त्याची गोधडी धुऊन वाळत होती.

"तू निघालास तशी उचलली. ऊन कललं, तरी तुला तिची आठवण नाही झाली रे!"

तो गोधडीकडे बघत राहिला. मग इतका हसला, इतका हसला, की हसता हसता रडला. म्हातारीने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. ती त्याने पुरी खाल्ली आणि वर आणखी अर्धी मागितली.

पुढे बायकोची आठवण यायची तशी येतच राहिली, पण रोज सकाळी घर झाडलेलं असायचं. कुणी विचारलं की तो डोळे बारीक करून सांगायचा, "चोराची वाट बघतोय."

तात्पर्य: खचलेल्या माणसाला उपदेश करू नका, एक कोपरा झाडायचं निमित्त द्या, घर उजळलं की मनही हळूहळू उजळतं.