जुगार झाला कुठं?

समुद्राकाठच्या एका सुलतानाच्या राज्यात जुगाराला सक्त बंदी होती. तरी कासिमशेठचा मोबाइलवरचा जुगार जोरात चालला होता. त्यात रुकय्याचा नवरा तिची मासेमारीची होडी हरून बसला, तेव्हा ती तडक काझींसमोर जाऊन उभी राहिली.

कासिमशेठ ऐटीत म्हणाला, "हुजूर, खेळ चालतो परदेशातल्या कॉम्प्युटरवर. इथं माणूस फक्त बोट फिरवतो. मग इथं जुगार झालाच कुठं? तुमचा कायदा मला लागूच नाही."

काझी विचारात पडले. तेवढ्यात रुकय्याला शेठच्या घरची बिर्याणी आठवली.

"शेठ, परवा तुमच्या लेकीचा निकाह झाला. नवरदेव परदेशात होता. त्यानं मोबाइलवरूनच 'कुबूल है' म्हटलं आणि आम्ही इथं जेवलो. मग तो निकाहही इथं झालाच नाही म्हणायचा का?"

शेठ तोंड उघडतोय तोच मागून त्याची बेगम कडाडली, "खबरदार काही बोललात तर! हुजूर, निकाह इथंच झाला. अख्खं गाव साक्षीला होतं!"

"मग जुगारही इथंच झाला," काझी हसून म्हणाले. "होडी बाईंचीच."

रुकय्या बेगमकडे वळून म्हणाली, "भाभी, जावई आले की कळवा. सुरमई माझ्याकडून."