शिदूची अर्धी मुलगी

सगळी चूक आबांची. आधीच सांगतो, म्हणजे नंतर उगाच कोणी शिदूला शिव्या घालणार नाही. एका गावात राहणारा हा भोळा शिदू म्हणजे आबांचा थोरला मुलगा. लहानपणी त्याला पायताणाने बडवून आबांनी एकच शिकवलं होतं: सांगितलं तेवढं करायचं, डोकं चालवायचं नाही. पोरगं आज्ञाधारक निघालं. त्याने पुन्हा कधी चालवलं नाही.

शिदूची रेणू शहरात शिकायला होती. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, "अप्पा, मी पुरती बाई नाही. अर्धीच आहे."

"आणि उरलेली बाप्या?"

"नाही. उरलेलं काहीच नाही."

शिदू म्हणाला, बरं. अर्धी रिकामी कणगी त्याच्या घरात होतीच.

मग लागला कामाला. रेणूच्या ताटात अर्धी भाकरी. अंघोळीला अर्धी बादली. तिच्यासाठी आणलेली साडी त्याने मधोमध फाडली आणि अर्धी शेजारणीला देऊन टाकली. रेणू म्हणाली, अप्पा, भूक मला पुरती लागते. आपल्या मनाने ठरवू नका, समोरच्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी भावकीत साखरपुडा होता. पुरुषांना टोपी आणि बायकांना खण द्यायला शिदू दारात उभा. सरपंच आले. वीतभर मिशा. शिदूने विचारलं, "तुम्ही बाई का बाप्या?" सरपंच न जेवता गेले. त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही त्याने विचारलं. ती जरा विचारात पडली, पण तिच्याकडे बघतंय कोण.

रेणूने कपाळाला हात लावला. म्हणाली, सगळ्यांना विचारत सुटू नका. माणूस स्वतःबद्दल सांगेल ते खरं मानायचं, बस्स.

संध्याकाळी पारावर नाम्या झिंगून पडला होता. म्हणाला, मी या गावचा राजा. शिदूने त्याला मुजरा केला, घरून आबांचा जरीचा फेटा आणून त्याच्या डोक्यावर ठेवला. नाम्या त्यात ओकला.

आबा तापले. फेटा नुसतं निमित्त. नातीने तोंड उघडून स्वतःबद्दल काही सांगावं, हेच त्यांना खुपत होतं. म्हणाले, "उद्या सकाळी ही पोरगी या घरात दिसली, तर मी मेलो असं समज." आणि घोंगडं डोक्यावरून ओढून झोपले.

सकाळी रेणू अंगणात दात घासत होती. शिदूने तिला नीट पाहिलं. मग तो आबांच्या उशाशी बसून मनापासून रडला. डोकं-मिशा उतरवून आला. बांबू आणले, भावकी गोळा केली. आबा रागाने फुगून डोळे मिटून पडलेले, त्यांना वाटलं पोरगं माफी मागतंय. नाडी कोणी पाहिली नाही. निम्म्या लोकांना बरंच वाटलं होतं.

तिरडीवर सुतळी आवळल्यावर आबांनी डोळे उघडले. "गाढवा, मी जिवंत आहे."

"मग तसं सांगायचं ना, आबा," शिदू म्हणाला आणि गाठी सोडायला बसला.

रेणू घरातच राहिली. विहिरीकडची सगळी जमीन आबांनी धाकट्याच्या नावावर केली. शिदूला खडकाळ माळ मिळाला.