पाच नंबरची चप्पल

एडिनबराहून बार्शीला परतलेल्या मृण्मयीला वाटलं होतं, पहिला स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला सुटे भाग घेताना दुकानदार एकेक भाग समजावून सांगेल. कथलेशेटांनी मात्र न जुळणारे प्रोसेसर आणि मदरबोर्ड पुढे सरकवले. फोडलेलं खोकं ते परत घेत नसत.

"शेट, हा प्रोसेसर या बोर्डावर बसणार नाही. पिना वेगळ्या आहेत."

"परदेशातली अक्कल तिकडेच ठेव, पोरी. थोडं दाबलं की बसतं!"

धूळ नको म्हणून दुकानाबाहेर चपला काढायची पद्धत होती. मृण्मयीने आपली चप्पल आणून त्यांच्यापुढे ठेवली. "मग आज ही घालून घरी जा."

"अगं, ही पाच नंबरची! माझा पाय दहाचा!"

"थोडं दाबा की, बसेल!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेटांनी जुळणारा बोर्ड काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयीने ठरवलं: कोणत्या बोर्डावर कोणता प्रोसेसर बसतो, याचा मराठी तक्ता करून शेटांच्याच दारात, चपलांच्या वर लावायचा.