वाटेत मुरलेली वीज

गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या जीपमध्ये इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपापर्यंत वीज नेणारी एक बारीक वायर होती. जीप चढावर बंद पडू लागली, तेव्हा पंप म्हणाला, "वायरताई, माझ्यापर्यंत पुरेशी वीज येत नाही."

"बॅटरी देते ती सगळी मी आणून देते. तुझ्यातच दम उरला नाही," वायर म्हणाली. चढावर आपण तापतो आणि बरीच वीज आपल्यातच मुरते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गॅरेजातल्या दस्तगीर मिस्त्रींनी पंप काढून भंगारात टाकला आणि नवा बसवला. दुसऱ्याच दिवशी तोही चढावर धापा टाकू लागला. मिस्त्रींनी वायर चाचपली, तर हाताला चटका बसला. तेव्हा त्यांनी भंगारातला पंप उचलून थेट बॅटरीला जोडला. तो नव्यासारखा गुणगुणू लागला.

मिस्त्रींनी तोच पंप पुन्हा बसवला आणि त्याच्यासाठी बॅटरीपासून जाड वायर ओढली. बारीक वायर त्यांनी फेकली नाही. किल्ली फिरली की जाड वायरीची वीज सुरू करण्याचा निरोप पोचवायचा, एवढंच हलकं काम तिला ठेवलं.

पुढच्या चढावर पंपाने हळूच विचारलं, "ताई, आता तापत नाहीस ना?"

वायर गारच होती. पण तिला मान वर करता आली नाही.