शेजारचा खड्डा

एकदा एक मसाल्याचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन थेट अंटार्क्टिकाच्या सफरीवर निघाला. गुरूंना लोक काशीला नेतात, फार तर हिमालयात नेतात. दक्षिण ध्रुवाकडे नेल्याचे ऐकिवात नाही. पण कारण साधे होते. ही सफर व्यापाऱ्याच्या पत्नीची हौस होती. निघायला आठ महिने उरले असताना ती आजारपणात गेली आणि तिच्या जागेवर गुरुजी आले.

जहाजावर व्यापारी कोणाशी फारसा बोलत नसे. पत्नीचा विषय निघाला की एवढेच म्हणे, मला अर्ध्या वाटेत टाकून गेली. त्याला तिचा खरोखरच राग आला होता. हा राग असाच राहिला तर संसाराची तीस वर्षेही तो गिळून टाकील, ही गुरुजींना काळजी होती.

एका संध्याकाळी काही प्रवासी बर्फावर मुक्कामाला उतरले, त्यांत व्यापारी आणि गुरुजीही होते. तंबू नव्हताच. प्रत्येकाने फावड्याने आपल्यापुरता गुडघाभर खड्डा खणायचा आणि वाऱ्याच्या आडोशाला त्यातच झोपायची पिशवी अंथरायची. बरोबरच्या मार्गदर्शक बाईंनी नियम समजावले. जेवण जहाजावरच उरकलेले, इथे फक्त पाणी. कचऱ्याचा कणही मागे ठेवायचा नाही. आणि सकाळी खड्डा भरून, पायांनी दाबून बर्फ पूर्ववत करायचा, कारण पेंग्विन तिथून चालत जातात. एखादा खड्ड्यात पडला तर बिचाऱ्याला वर चढता येत नाही.

गुरुजींचा खड्डा बाईंनी खणून दिला. व्यापाऱ्याने दोन खणले. एक स्वतःचा आणि शेजारी एक पत्नीच्या उंचीएवढा लांब. तिकडच्या उन्हाळ्यात धड अंधार पडत नाही. त्या फिकट उजेडात तो रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून जागाच राहिला.

सकाळी त्याने आपला खड्डा भरला, पण दुसऱ्याला हात लावला नाही. तो तसाच राहू द्यावा, म्हणून बाईंना विनवू लागला. त्या अवघडून गेल्या. किनाऱ्याशी रबरी बोट खोळंबली होती. तेवढ्यात गुरुजी पुढे आले, गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी त्या खड्ड्यात बर्फ लोटू लागले.

व्यापाऱ्याने त्यांचा हात धरला. गुरूंचा हात असा त्याने कधी धरला नव्हता.

"गुरुजी, तो तिचा आहे. एवढ्या मोठ्या जगात तिची एक जागा तरी राहू द्या."

गुरुजी थांबले. "शेवटचे चार महिने मी रोज तुझ्या घरी येत होतो. अंथरुणावर पडल्या पडल्या ती काय करत होती, ते आठव. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत लावून घेतल्या. तुला कुकर लावायला शिकवले. तुझ्या भावाला बोलावून तुमचा दोघांचा अबोला सोडवला. एवढ्या वेदनेत तिला एकच ध्यास, आपल्यामागे याने कुठे अडखळू नये. जाताना तिने तुझ्या वाटेत एकही खड्डा ठेवला नाही. आणि तू तिच्या नावाने इथे एक उघडा टाकून जाणार?"

व्यापाऱ्याने गुरुजींचा हात सोडला. म्हणाला, "मी तिचे कधी आभारही मानले नाहीत. घरच्या माणसाचे कुठे मानतो आपण?"

"मग आता मान," गुरुजी म्हणाले आणि फावडे त्याच्या हाती दिले.

त्याने खड्डा काठोकाठ भरला. कडा हातांनी सारख्या केल्या आणि हलक्या पावलांनी बर्फ दाबला. मग हातमोजा काढून त्याने त्या बर्फावर तळहात टेकला.

"आभारी आहे गं," तो म्हणाला.

ज्यांना हे अजून समोरासमोर म्हणता येते, त्यांनी आज घरी गेल्यावर म्हणून टाकावे.