पुरळ आणि गोवर

चैत्रात, दुपारी बरोबर बारा वाजता इनामदार माणसं घेऊन सगुणाच्या दारात आले. “तुझ्या पोराच्या अंगावर पुरळ आहे, म्हणजे गोवरच! दोघं शिवेबाहेर जाऊन राहा.”

सगुणानं पोराला पदराआड घेतलं. “उन्हानं घामोळं आलं असेल, सरकार.”

“मला शिकवतेस? गोवर असला की पुरळ येतं, आणि पुरळ आलं की गोवर असतोच!”

“दोन्ही बाजूंनी खरं?”

“दोन्ही बाजूंनी!”

“मग तुम्हीही चला. तुमच्या मानेवर पुरळच आहे की.”

इनामदारांनी उपरणं वर ओढलं. “अगं, हे घामोळं!”

“म्हणजे तुमची पहिली बाजू खरी, दुसरी खोटी.”

माणसं तोंड फिरवून हसली, आणि पोर घरीच राहिलं. बायांनो, पुरळ दिसलं तर वैद्याला दाखवा, पण लगेच गोवर म्हणू नका. एवढं शेजारणीलाही सांगा.