तुतारीचा होकार

एका गावात एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या मालकीचा एक पाटील होता. पाटलाची समजूत मात्र उलटी होती. तळंच आपल्या मालकीचं आहे असं तो धरून चालला होता, आणि तळं बिचारं काही बोलत नव्हतं.

पाटील मनाने वाईट नव्हता. कुणाचं लग्न अडलं, कुणाचा बैल चिखलात रुतला, की पहिला धावून जाणारा तोच. खोड एकच होती. त्याला सल्ला विचारायला फार आवडे आणि 'नाही' ऐकायला मुळीच आवडत नसे. घरी पाटलीणबाई होत्या, पण त्या पटकन 'नाही' म्हणत. म्हणून पाटील बाहेर विचारत असे. बाहेर कारभारी होता. त्याला काहीही विचारा, तो कमरेत वाकून म्हणे, "हो जी."

"कारभारी, आज ऊन कडक आहे, नाही?"

"हो जी."

"की ढग आलेत?"

"हो जी, आलेतच म्हणायचे."

इतकी वर्षं हेच ऐकून पाटलालाही जरा कंटाळा आला होता. होकार हवाच होता, पण कुणा नव्या माणसाचा मिळाला असता तर बरं, असं त्याला वाटू लागलं होतं.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि तळ्याच्या काठी एक पाखरू दिसू लागलं. चिमणीपेक्षा मोठं, साळुंकीपेक्षा लहान. पाठ वाळल्या चिखलाच्या रंगाची, पोट पांढरं स्वच्छ. तो पांढरा रंग पंखाच्या पुढून वर खांद्याकडे गेलेला, उपरण्याचं टोक खोचावं तसा. एकटंच असे. चिखलात चोच खुपसून किडे टिपायचं, थोडं चालायचं, थांबायचं आणि मागचं सगळं अंग वरखाली, वरखाली हलवायचं.

हे पाखरू कोणतं, यावर गावात चांगलीच जुंपली. एक म्हणाला, "हे टिटवीचं पिल्लू."

दुसरा म्हणाला, "टिटवीचं असतं तर तिने एव्हाना ओरडून गाव डोक्यावर घेतलं असतं. हा परीट आहे, शेपूट हलवतोय बघा."

"परीट अंगणातसुद्धा येतो," तिसरा म्हणाला. "हे तर पाण्याची कड सोडत नाही."

शेवटी देवळातले म्हातारे गुरवकाका काठी टेकत आले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ही तुतारी. फार लांबून, थंडीच्या मुलखातून येते. उन्हाळा तापला की परत जाते."

"तुतारी?" पाटील म्हणाला. "मग वाजत का नाही?"

तेवढ्यात ती उडाली. पाण्याला पोट लागेल इतक्या खालून, पंख ताठ धरून थरथरवत, 'ती-ती-ती' अशी बारीक शीळ घालत ती पलीकडच्या दगडावर जाऊन बसली.

"एवढ्याशा तुतारीवर वरात निघायची नाही," पाटील म्हणाला.

"हो जी, नाही निघायची," कारभारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटील एकटाच तळ्यावर बसला होता. समोर दगडावर तुतारी होती. पाटील सहज स्वतःशी पुटपुटला, "आज घरी पिठलं करायला सांगावं का?"

तुतारीने मागचं अंग वरखाली केलं.

पाटील सावरून बसला. "आणि सोबत झुणकाही?"

तुतारीने पुन्हा तसंच केलं, या वेळी जरा जास्तच. पाटलाला गहिवरून आलं. एकाच जेवणात पिठलं आणि झुणका दोन्हीला मान्यता देणारं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

झालं. गावभर बातमी पसरली की तळ्यावर होकार देणारं देवपाखरू आलंय. लोक विचारायला येऊ लागले. एकाने विचारलं, "मी सासुरवाडीला जाऊन येऊ का?" त्याच्या मागोमाग त्याची बायको आली. तिने विचारलं, "यांना घरातच डांबून ठेवू का?" दोघंही खुशीत परतली आणि घरी जाऊन कडाकडा भांडली.

गुरवकाकांना एक शंका आली. "पाटील, होकार म्हणजे मान हलवायची. ही तर बूड हलवते."

"काका," कारभारी म्हणाला, "माणसाची अक्कल डोक्यात असते. पाखराची कुठे असते, ते आपण कोण ठरवणार?" पाटलाला हे फार पटलं.

कारभारी हुशार होता, यात वाद नाही. त्याच्या हुशारीची दिशा तेवढी जरा वाकडी होती. एक दिवस तो पाटलाला म्हणाला, "मालक, या तळ्याखाली काळी कसदार जमीन बुडून पडलीय. बांध फोडून पाणी सोडून दिलं तर हरभरा असा येईल की बघत राहाल. देखरेखीला मी आहेच. माझं ऐकू नका. तुतारीलाच विचारा."

पाटलाने विचारलं. तुतारी 'हो' म्हणाली. पाटलाने ठरवलं, सोमवारी बांध फोडायचा.

ते ऐकून गावात कुजबुज सुरू झाली. उन्हाळ्यात गुरं काय पिणार, विहिरींना पाझर कुठून फुटणार? पण तोंड उघडायची कुणाची छाती होईना. देवपाखराच्या विरुद्ध कोण बोलणार?

पाटलीणबाई तेवढ्या बोलल्या. त्या रोज सकाळी तळ्यावर धुणं घेऊन जात, आणि धुणं आपटता आपटता त्यांनी त्या पाखराला नीट पाहिलं होतं.

"अहो, ती बेडकाला बघूनही तसंच करते," त्या म्हणाल्या. "म्हैस आली तरी तेच. उडून येऊन बसली की तर थांबतच नाही. कुणी नसलं तरी तिचं चालूच असतं. म्हैस काय तिला सल्ला विचारायला येते?"

"म्हशीच्या मनातलं तुला काय ठाऊक?" पाटील म्हणाला.

"बरं, म्हशीचं सोडा. ती काठाच्या चिखलातले किडे खाऊन जगते. तळं गेलं की चिखल वाळला, किडे गेले, तिचं पोट गेलं. स्वतःच्या पोटावर पाय द्यायला ती 'हो' कशाला म्हणेल?"

पाटलाने पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाला, "तिचं मन मोठं आहे." आणि कूस बदलून झोपला.

सोमवारी सगळा गाव बांधावर जमला. कुदळी, पहारी, फावडी आली. लोकांची तोंडं उतरलेली होती. कारभारी मात्र नवा सदरा घालून आला होता. पाटलाने पागोटं सारखं केलं आणि शेवटचं विचारलं, "तुतारीबाई, फोडू ना बांध?"

दगडावर तुतारी वरखाली, वरखाली करत होती.

"उचला कुदळी," कारभारी म्हणाला.

तेवढ्यात धुण्याचं बोचकं खाली ठेवून पाटलीणबाई पुढे आल्या. "थांबा. मलाही दोन गोष्टी विचारायच्यात. सगळा गाव विचारतो, मग मीच का नको?"

पाटलाला नाही म्हणता येईना. बाई तुतारीकडे वळल्या. "तुतारीबाई, आमचे मालक या गावात सगळ्यांत शहाणे आहेत का?"

तुतारीने होकार दिला. पाटलाने मिशीवरून हात फिरवला.

"आणि सगळ्यांत वेडेही तेच का?"

तुतारीने तितक्याच जोरात होकार दिला. गर्दीत कुणाला तरी खोकला आला आणि मग तो खोकला साथीसारखा पसरला. पाटलाचा हात मिशीवरच राहिला.

"तिला दुसरा प्रश्न नीट ऐकू गेला नसेल," कारभारी घाईघाईने म्हणाला.

"मग तिसरा मोठ्याने विचारते," बाई म्हणाल्या. "तुतारीबाई, तळ्यातली जमीन उघडी पडली की कारभारी ती हळूच स्वतःच्या नावावर करून घेणार आहेत का?"

तुतारी वरखाली, वरखाली, वरखाली करत राहिली. त्या दिवशी वारा असेल किंवा किडे चांगले मिळाले असतील, पण ती थांबायला तयार नव्हती.

सगळा गाव कारभाऱ्याकडे बघू लागला. पाटीलही बघू लागला. कारभाऱ्याचा चेहरा त्याच्या नव्या सदऱ्यापेक्षा पांढरा पडला. "खोटं आहे," तो म्हणाला. "साफ खोटं."

"देवपाखरू खोटं बोलतं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"अहो, कसलं देवपाखरू?" कारभारी किंचाळला. "ती काय उत्तर देतेय थोडीच! ती नुसतं बूड हलवतेय!"

आपण काय बोलून बसलो ते कारभाऱ्याला कळलं, पण शब्द तोंडातून सुटून गेले होते. ज्याने आठवडाभर तिला देव करून ठेवलं होतं, त्यानेच तिला पुन्हा पाखरू करून टाकलं.

पाटील तुतारीकडे बघत उभा राहिला. आता कुणीही काही विचारत नव्हतं. तरी ती वरखाली करतच होती. एक कुत्रं पाणी प्यायला आलं. तुतारीने त्यालाही होकार दिला. मग तिने चिखलात चोच खुपसली, एक किडा ओढून काढला, गिळला आणि पुन्हा सुरू झाली. एवढे दिवस पाटील तिच्यासमोर बसला होता, पण तिच्याकडे त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं.

"कुदळी घरी न्या," तो म्हणाला. "तळं आहे तिथेच राहील."

लोकांनी श्वास सोडला. पाटलाला फार लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. परतताना त्याने खाली मान घालून कारभाऱ्याला विचारलं, "कारभारी, मी आज गावासमोर मूर्ख ठरलो, नाही?"

"हो जी," कारभारी सवयीने म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

पाटील जागीच थांबला. त्याने कारभाऱ्याच्या वाकलेल्या कमरेकडे पाहिलं, मग मागे वळून दगडावरच्या तुतारीकडे पाहिलं. पुन्हा कमरेकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कारभाऱ्याला पाटलाच्या गोठ्यात शेण काढण्याचं काम मिळालं. तिथे त्याला कुणी काही विचारत नसे.

उन्हाळा तापला तशी तुतारी एक दिवस निघून गेली. तळं आटत आटत कमरेएवढं राहिलं, पण गुरांना पुरलं. पुढल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर ती परत आली आणि नेमकी त्याच दगडावर बसली. पाटील तिला भेटायला गेला.

"प्रवास नीट झाला ना?" त्याने विचारलं. तुतारीने मागचं अंग वरखाली केलं. पाटील मनापासून हसला.

मग तो घरी गेला आणि म्हणाला, "अगं, देवळासमोर माझा एक पुतळा बसवावा म्हणतो. काय वाटतं तुला?"

"नाही," पाटलीणबाई म्हणाल्या.

"बरं," पाटील म्हणाला, आणि जेवायला बसला. ताटात नुसतं पिठलं होतं.

तात्पर्य: जो कधीच 'नाही' म्हणत नाही, त्याचा 'हो' धरून चालू नये, तो कदाचित नुसती शेपूट हलवत असेल.